भुतांना भाडं परवडेल का?

पत्र : मी एकतीस वर्षांचा आहे, पुण्यात नेपथ्याची आणि इव्हेंटची कामं करतो. नगर रस्त्यावरच्या एका मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर 4,000 चौरस फुटांची जागा रिकामी आहे. तिथे वर्षभर चालणारं हॉरर हाउस काढायचा विचार आहे. तिकीट 400 रुपये. मॉलवाले चौरस फुटाला 120 रुपये भाडं आणि तीन वर्षांचं लॉक-इन (तोवर जागा सोडता येणार नाही) मागतायत, टोकन या महिन्यातच हवंय. उभारणीचा खर्च 60 लाख. त्यातले 25 लाख बाबा त्यांच्या निवृत्तीच्या पैशातून द्यायला तयार आहेत. मित्र म्हणतात, मुंबई-पुण्यात असं काही नाहीच, धो धो चालेल. आई म्हणते, भुताखेतांचा धंदा आपल्या घरात नको. अंदाजपत्रक, भुतांची यादी आणि जाहिरातीची ओळ सोबत पाठवलीय. शनिवारवाड्यावरचा नारायणरावांचा खूनही घेऊ का? मोठ्या शहरात असं कायमचं ठिकाण खरंच चालतं का?
— अंधारात उभा, पुणे

उत्तर : नमस्कार. टोकनची घाई आहे म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. चालतं. मोठ्या शहरांत भीतीची कायमची ठिकाणं चालली आहेत, काही तर पन्नास-साठ वर्षं. पण तुम्ही पाठवलेल्या कागदावर मी सही केली नसती, आणि बाबांच्या 25 लाखांना तर हातही लावला नसता.

मित्रांचं म्हणणं आधी निकालात काढू. ‘असं काही नाहीच’ हे खरं नाही. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं आणि तिथल्या ‘मॉन्स्टर्स इन द मिस्ट’मध्ये किंचाळून आलेली एक अख्खी पिढी आज मुलांच्या शाळेची फी भरतेय. खोपोलीच्या इमॅजिकात ‘सलीमगढ’ आहे. त्याआधीपासून जत्रेत आकाशपाळणा आणि मौत का कुवा यांच्या शेजारी भूत बंगल्याचा तंबू असायचाच. बाहेर कर्ण्यावर रेकॉर्ड केलेलं हास्य, आत काळ्या ताडपत्रीच्या बोळात उलट्या टांगलेल्या बाहुल्या आणि शेवटी पाय ओढणारा एक पोरगा. या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. भुताला स्वतःचं भाडं स्वतः भरावं लागत नव्हतं. पार्कमध्ये ते बाकीच्या पाळण्यांच्या तिकिटात जगतं. कॅलिफोर्नियात डिस्नेलँडचं ‘हाँटेड मॅन्शन’ 1969 पासून उभं आहे ते याच जोरावर, कारण लोक डिस्नेलँडला येतात आणि तिथेही जाऊन येतात. जत्रेतला तंबू आठ दिवसांत दुसऱ्या गावी जातो. तुमचं भूत मात्र एकाच मजल्यावर, एकट्याच्या कमाईवर, दर महिन्याच्या एक तारखेला मॉलचं बिल भरणार आहे.

ते बिल मांडून बघू. भाडं 4,80,000. मॉलचा मेंटेनन्स तुम्ही धरलेलाच नाही. तो चौरस फुटाला 20 धरला तरी 80,000. चौदा कलाकार, प्रत्येकी 20,000 प्रमाणे 2,80,000. तिकीटखिडकी, तंत्रज्ञ, सफाई मिळून 1,20,000. वीज आणि एसीला एक लाख, जाहिरातीला एक लाख. एकूण 11,60,000. 400 रुपयांच्या तिकिटातून जीएसटी गेला की हातात 339 उरतात. म्हणजे महिन्याला साधारण 3,420 माणसं आली तर तुम्ही शून्यावर. वर्षाला 41,000. यात उभारणीच्या 60 लाखांतला एक रुपयाही परत आलेला नाही.

आकडा अशक्य आहे का? नाही, आणि फसवणारी गोष्ट हीच. सहा जणांचा गट दर चार मिनिटांनी आत सोडला तर तासाला 90 माणसं होतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी चार तास रांग लागली तर दिवसाला 360, महिन्यातल्या आठ दिवसांत 2,880. उरलेले मधल्या वारी रोज पंचवीसेक आले की झालं. पहिले तीन महिने हे सहज होईल. रील्स फिरतील, कॉलेजची पोरं टोळीने येतील, तुम्ही आणखी चार कलाकार घ्याल. माझी काळजी सातव्या महिन्याची आहे. मिसळ आवडली तर माणूस पुढच्या रविवारी पुन्हा येतो. तुमच्याकडे आवडलं तरी येत नाही, कारण कपाटातून कोण उडी मारणार हे त्याला कळलेलं असतं. 41,000 माणसं एका वर्षी मिळतील, पण दुसऱ्या वर्षी तुम्हाला वेगळी 41,000 लागतील.

लंडनने हा पेच कसा सोडवला ते बघा. ‘लंडन डंजन’ 1974 साली सुरू झालं, लंडन ब्रिज स्टेशनजवळ, रेल्वेच्या विटांच्या कमानींखाली. सुरुवातीला ते मेणाचे पुतळे ठेवलेलं एक भयाण संग्रहालय होतं. पुढे त्यात जिवंत नट आले, प्लेग आला, 1888 चा खुनी जॅक द रिपर आला. 2013 साली ते थेम्सकाठी काउंटी हॉलमध्ये गेलं, म्हणजे थेट ‘लंडन आय’ या प्रचंड आकाशपाळण्याच्या पायथ्याशी. आता विचार करा, त्या फुटपाथवरून रोज जाणाऱ्यांपैकी लंडनकर किती? बहुतेक सगळे पाहुणे, आज आलेले, परवा निघणारे. त्यांनी दुसऱ्यांदा यावं अशी अपेक्षाच नाही. लंडनने माणसं बदलती ठेवली, म्हणून तिथे भुतं जुनी चालतात.

आपल्याकडे हेच लोणावळ्यात दिसतं. मेणाच्या पुतळ्यांची संग्रहालयं तिथे जगतात, सदाशिव पेठेत जगली नसती. पुतळे तेच असतात, दर शनिवारी गाडीतून उतरणारं कुटुंब नवीन असतं.

मग पुण्याकडे बदलती माणसं आहेत का? आहेत, आणि इथे तुमच्या जागेच्या बाजूने एक मुद्दा सांगतो. पुण्यात दर जून-जुलैत नवे विद्यार्थी येऊन पडतात. विमाननगर-खराडीकडे नोकरीला लागलेल्या पोरापोरींचे थवेही बदलत राहतात. त्यांना शहर नवं असतं, मित्र नवे असतात आणि रविवारी काय करायचं हा रोकडा प्रश्न असतो. तुमचं गिऱ्हाईक हे आहे. चार जणांचं कुटुंब आणि मागे आजी, हे तुमचं गिऱ्हाईक नाही. त्यामुळे मॉलच्या ‘फॅमिली फुटफॉल’चे आकडे दाखवून कोणी भाव चढवत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

तरीही तेवढ्याने भागणार नाही. दुसरा रस्ता पॅरिसचा आहे आणि तो तुमच्या हातात जास्त आहे, कारण तुम्ही नेपथ्यवाले आहात. पिगालजवळच्या एका गल्लीत, जुन्या प्रार्थनागृहात, 1897 साली ‘ग्रां गिन्योल’ नावाचं छोटं थिएटर सुरू झालं. खुर्च्या तीनशेहूनही कमी. रोज संध्याकाळी तिथे खून, वेड, अंगावर ओतलेलं अ‍ॅसिड असले प्रकार रंगमंचावर चालायचे. आणि हे थिएटर 1962 पर्यंत चाललं, पासष्ट वर्षं! दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची रया गेली. छळछावण्यांच्या बातम्या वाचलेल्या माणसाला रंगवलेलं रक्त किती घाबरवणार? पण त्याआधीची पन्नास वर्षं ते पर्यटकांइतकंच पॅरिसकरांवरही जगलं. युक्ती दोन गोष्टींत होती. एका संध्याकाळी अनेक छोट्या नाटिका असत, एक भीषण, एक चावट फार्स, पुन्हा एक भीषण. हसून सैल पडलेला माणूस जास्त दचकतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि नाटिका बदलत राहायच्या. जागा कायमची, खेळ बदलता.

तुमच्या 60 लाखांच्या अंदाजपत्रकात मला सगळ्यात खटकलं ते हे. त्यात 38 लाख पक्क्या बांधकामाला आहेत, जिप्समच्या भिंती, फायबरची गुहा, हायड्रॉलिकवर उठणारं प्रेत. पक्की भिंत पाडायला पैसे लागतात, म्हणून ती पाडली जात नाही, आणि दीड वर्षाने तुम्ही त्याच गुहेचे कैदी होता. नाटकाचे फ्लॅट, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या हलवता येणाऱ्या भिंती, बांधायचे कसे हे तुम्हाला मी सांगायला हवं का? सगळं फ्लॅटवर उभं करा, बोळाची वळणं दर चार महिन्यांनी बदला, आवाज आणि गोष्ट नवी करा. ते हायड्रॉलिक प्रेत रद्दच करा. दोन महिन्यांत त्याचं तेल गळेल आणि पुढे वर्षभर ते अर्धंच उठेल.

यंत्रावरचे पैसे माणसांवर घाला. त्या बाबतीत पुणं लंडनपेक्षा गरीब नाही. गणपतीत रात्री बारापर्यंत जिवंत देखाव्यात उभी राहणारी, दर पंधरा मिनिटांनी तोच प्रसंग त्याच जोमाने करणारी पोरं या शहरात आहेत. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी करून घसा फोडून घेतलेली आहेत. त्यांना एवढंच शिकवावं लागेल की घाबरवणं म्हणजे ओरडणं नव्हे. सहा जणांच्या रांगेत मधले चौघं कधीच घाबरत नाहीत, ते एकमेकांच्या शर्टाला धरून असतात. घाबरतो तो पहिला आणि शेवटचा. पहिल्याला समोरून दचकवलं की सगळी रांग मागे सरते, एकमेकांच्या पायावर पडते, पुढचा गट येऊन आदळतो आणि तुमची चार मिनिटं कोलमडतात. म्हणून दचकवायचं शेवटच्याला, मागून किंवा बाजूने, म्हणजे रांग पुढे पळते. आणि दचकवून झालं की नटाने लगेच अंधारात विरायचं. तिथेच उभा राहिला तर तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी त्याला ‘भाऊ, एक सेल्फी’ म्हणणार.

भुतं कुठली ठेवायची, यावर तुमच्या यादीत झोंबी, नन आणि विदूषक आहेत. हे सगळं तुमच्या गिऱ्हाइकाने मोबाइलवर फुकट पाहिलंय. लंडन लंडनचीच भीती विकतं. पॅरिसमध्ये 2011 साली सुरू झालेलं ‘मनुआर द पारी’ही पॅरिसच्याच दंतकथांवर उभं राहिलं. मग आपला मुंजा, हडळ, चकवा, खवीस, कोकणातला देवचार यांनी काय पाप केलंय? एक नमुना देतो, वापरा खुशाल. हाकामारी. रात्री दारात येऊन ओळखीच्या आवाजात नावाने हाक मारते, ओ दिली की संपलं. आत सोडण्याआधी तुम्ही प्रत्येकाकडून जोखमीचा फॉर्म भरून घेणारच आहात. त्यात एक साधा रकाना ठेवा : घरी काय म्हणतात? पुढे बोळाच्या तिसऱ्या वळणावर एक बंद दार, खाली फटीतून पिवळा उजेड, आत भांड्यांचा आवाज, फोडणीचा वास. गट तिथे थांबतो, काहीच होत नाही. आणि मग दाराआडून एक बाई अगदी घरगुती स्वरात म्हणते, ‘पिंट्या, आलास का रे?’ ना रक्त, ना हायड्रॉलिक. खर्च एका वॉकीटॉकीचा आणि एका चांगल्या नटीचा. हे करून आलेला पिंट्या चाळीस जणांना सांगेल. शिवाय पुढच्या वेळी तो स्वतः येईल, मित्राला ओ देताना बघायला. दुसऱ्यांदा येणारा माणूस बहुधा याचसाठी येतो. तीन नवे जण आणणाऱ्याला अर्ध्या तिकिटात घ्या, आणि त्याला पडद्यामागून बघायला एक खिडकी ठेवा.

शनिवारवाड्यावर 1773 साली झालेला नारायणरावांचा खून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. 1897 च्या पुण्यातल्या प्लेगचाही मोह टाळा, जरी घरं तपासत फिरणारे गोरे सोल्जर ही कुठल्याही भुतापेक्षा जास्त थरकाप उडवणारी गोष्ट असली तरी. लंडनवाले स्वतःच्या इतिहासाची टिंगल करून पोट भरू शकतात. आपल्याकडे भावना दुखावण्याचा धंदा भुतांच्या धंद्याहून कितीतरी जोरात आहे. मुंजाच्या वतीने मोर्चा घेऊन अजून तरी कुणी आलेलं नाही.

किती घाबरवायचं याचाही अंदाज घ्या. डेन्मार्कमध्ये वायले शहराजवळच्या एका हॉरर हाउसमध्ये संशोधकांनी 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत पाठवलं होतं. 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही आणि फार जास्त घाबरलेल्यांनाही आली नाही. मजा मधल्या पट्ट्यात होती. ‘पुण्यातलं सगळ्यात भयानक’ ही तुमची जाहिरातीची ओळ त्यामुळे मला पसंत नाही. त्या ओळीने तुमच्याकडे मुद्दाम न घाबरायला आलेली टवाळ पोरं येतील आणि जिच्यासाठी चौघं तिकीट काढतात ती पाचवी मैत्रीण बाहेरच थांबेल. ‘खरी भुताची जागा’ असलं तर काहीच लिहू नका. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, उगाच त्याच्या वाटेला कशाला जायचं?

आता आगीबद्दल, आणि इथे माझा सूर बदलतोय हे लक्षात घ्या. 11 मे 1984 रोजी न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमधल्या ‘हाँटेड कॅसल’ला आग लागली आणि आत आठ किशोरवयीन मुलं मेली. ट्रेलर जोडून केलेले बोळ, अंधार, भिंतीला लावलेला फोम, स्प्रिंकलर नाहीत. अशा ठिकाणी धूर, किंकाळ्या आणि लाल दिवे हा खेळाचाच भाग असतो, म्हणून खरा धूर कुणाला खरा वाटत नाही. अमेरिकेत अशा इमारतींना आज नियम आहे की धुराची सूचना मिळताच बाहेर पडायच्या वाटेवरचे दिवे आपोआप लागले पाहिजेत आणि गोंधळात टाकणारे आवाज आपोआप बंद झाले पाहिजेत. तुमच्याकडे कुणी मागो न मागो, हे पहिल्या दिवसापासून बसवा. फॉग मशीनने डिटेक्टर सारखा वाजतो म्हणून त्याला टेप लावून टाकू, असं सुचवणारा तंत्रज्ञ भेटेलच. त्याला त्याच दिवशी घरी पाठवा. कमला मिलची 2017 ची आग आणि राजकोटच्या गेम झोनची 2024 ची आग आपल्या समोरची आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. तो एजंटकडून कागदापुरता घेऊ नका. आणि मॉलला पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या जागेला थेट जिन्यात उघडणाऱ्या, बाहेर पडायच्या वाटा किती, हे आधी विचारा. एकच असेल तर बोलणी तिथेच संपवा.

अंधारातल्या हातांचाही विचार तुमच्या कागदात नाही. पाहुण्याने नटाला हात लावायचा नाही, नटाने पाहुण्याला लावायचा नाही. अंधारातही दिसणारे कॅमेरे प्रत्येक वळणावर हवेत आणि ते बघत बसलेला माणूस हवा. काम करणाऱ्या मुलींना याचा त्रास होतो, आणि मुलांना दचकलेल्या माणसांचे ठोसे बसतात. प्रत्येक खोलीतून बाहेर काढणारं एक दार आणि ‘थांबवा’ म्हटल्यावर दिवा लावणारा माणूस, एवढं केलंत तर मुली गटाने येतील. त्या आल्या तर धंदा आहे.

तर पुढे काय करायचं? मॉलला तीन वर्षं देऊ नका, तीन महिने मागा. दुसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी आहे म्हणजे त्यांनाही कुणी मिळालेलं नाही. ठरावीक भाड्याऐवजी तिकीटविक्रीची टक्केवारी मागा. किमान रकमेचा आग्रह धरला तर ती कमीत कमी ठेवा. 15-20 लाखांत, फ्लॅटवर, पाच खोल्यांचा एक खेळ उभा करा. जपानात भुतांच्या घराचा मोसम उन्हाळा आहे, भीतीने अंगावर काटा आला की गारवा वाटतो म्हणे. आपल्याकडे मे महिना सुट्टीचा असला तरी तुमची पोरं तेव्हा गावी असतात. त्यापेक्षा जुलैच्या शेवटी सुरू करा, आषाढातली अमावास्या गाठा, गणपतीत दहा दिवस बंद ठेवा (तुमचे नट तेव्हा देखाव्यात असणार), सर्वपित्रीला पुन्हा उघडा आणि हॅलोविनच्या आठवड्याला पहिला खेळ संपवा. मग माणसं मोजू नका, दुसऱ्यांदा आलेले मोजा. शंभरात दहा-बारा जरी पुन्हा आलेले असतील तर दुसरा खेळ लावा आणि लांबच्या कराराचं बोलणं तेव्हा काढा. नसतील, तर फ्लॅट ट्रकमध्ये घाला आणि डिसेंबरात लोणावळ्याला जागा बघा.

बाबांचे 25 लाख बाबांच्याच नावावर राहू द्या. ते तयार आहेत हे खरं, पण ते तुमच्यावर विश्वास ठेवून तयार आहेत, धंदा समजून नाही. 41,000 चा आकडा त्यांना दाखवा आणि मग विचारा. पंधरा लाख तुमचे आणि एका भागीदाराचे मिळून जमत नसतील तर खेळ तीन खोल्यांचा करा.

आईंचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना भुताची भीती वाटते की मुलाचे पैसे बुडायची, हे एकदा शांतपणे विचारून घ्या. माझा अंदाज दुसऱ्याचा आहे, आणि तो असेल तर या घरात हिशोब त्यांनाच सगळ्यात नीट कळतोय. पहिलंच असेल तर त्यांना तालमीला घेऊन या, दिवे लावून सगळा बोळ दाखवा, आणि फटीतून येणारा फोडणीचा वास लसणीचा ठेवायचा की हिंगाचा ते त्यांनाच ठरवू द्या.

मॉलने टक्केवारी मान्य केली तर कराराचा मसुदा सही करण्याआधी पाठवा. लॉक-इनचं कलम आणि आग लागली तर जबाबदारी कुणाची हे कलम, दोन्ही मला वाचायची आहेत. कलाकारांचा अपघात विमा काढलात का, हेही कळवा.